माहेरचा मार्गशीर्ष, सासरचा नाताळ

माझं माहेर हिंदू, सासर वसईचं ख्रिस्ती. 2024 साली नाताळच्या दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. असं झालं की करंज्या दोन्हीकडे चालतात, त्या आधीच करून ठेवा. रवा मंद आचेवर तुपात भाजा, सुकं खोबरं, पिठीसाखर, वेलची मिसळा. पारीच्या कडेला दुधाचं बोट फिरवून घट्ट दाबा, नाहीतर तळताना फुटून सगळं तूप खराब होतं. पहिला घाणा नैवेद्याला बाजूला काढा, मगच नाताळच्या गोठ्याजवळच्या (येशूजन्माच्या देखाव्याजवळच्या) ताटात मांडा. अंड्याचा केक वेगळ्या डब्यात ठेवा. उपास सोडणाऱ्यांना विचारावं लागू नये.

24 तारखेच्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, माहेरच्यांना बोलवायचं तर प्रसादाची भाकर बाप्तिस्मा झालेले कॅथलिकच घेतात, हे आधी सांगा. रांगेत अडवलं गेलं की माणूस दुखावतो.

6 जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण झाला की आम्ही गोठा आवरतो आणि तीळ भाजायला घेतो. हळदीकुंकवाला सासूबाई कुंकू लावत नाहीत. त्यांना फूल, तिळगूळ आणि वाण द्यायचं, आग्रह करायचा नाही. त्या मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.