डाउनलोडच्या लिंकमधून सर्व्हरची फाइल बाहेर आली, मग काय केलं

आमच्या इंटर्नल पोर्टलवर रिपोर्ट डाउनलोड करायचं एक पेज आहे, फाइलचं नाव यूआरएलमधूनच येतं आणि कोड ते सरळ फोल्डरच्या पाथला चिकटवतो (लिहिलेला मीच, कोणाला नावं ठेवू). टेस्टिंगवाल्या पोराने नावाच्या जागी ../../../ (प्रत्येक ../ म्हणजे एक फोल्डर वर जा) टाकलं आणि कॉन्फिग फाइल उघडली, आत डेटाबेसचा पासवर्ड!

घाईत ../ रिप्लेस करून रिकामं केलं. त्याने लगेच ....// टाकून दाखवलं, मधलं ../ उडालं की उरतं काय, तर परत ../ च. एन्कोडिंगची, म्हणजे तीच चिन्हं %2e सारख्या कोडात लिहायची, भानगड वेगळीच. अपाचे या वेब सर्व्हरच्या २.४.४९ व्हर्जनमध्ये २०२१ साली हाच घोळ झालेला, २.४.५० चा फिक्सही अपुरा पडला आणि २.४.५१ काढावं लागलं, तेव्हा आपण कोण मोठे.

शेवटी आधी पूर्ण पाथ रिझॉल्व करायचा (म्हणजे फाइलची खरी जागा काढायची), सिमलिंकसकट (दुसऱ्या जागी नेणारे शॉर्टकट), आणि मग तो आपल्या फोल्डरच्या आतच आहे ना ते बघायचं असं केलं. इथेही एकदा फसलो, नुसतं 'सुरुवात /डेटा/रिपोर्ट ने होते का' एवढंच तपासत होतो, तर /डेटा/रिपोर्ट-जुने पण पास झालं, शेवटचा स्लॅश लावल्यावर थांबलं.

आता तर यूआरएलमध्ये फाइलचं नावच नाही, फक्त आयडी, खरं नाव डेटाबेसमधून येतं आणि तो रिपोर्ट त्या युजरचा आहे का तेही तिथेच बघतो. सर्व्हिस रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालत होती (हो, खरंच), तिला वेगळा कमी परमिशनचा युजर दिला. पासवर्ड अर्थातच त्याच दिवशी बदलला.