इंटिरिअर डिझायनरला ट्रेड रेट द्यायचा, पण कसा?

ठाण्यात घोडबंदर रोडला एखाद्या टॉवरचा ताबा मिळायला लागला की आमच्या नौपाड्यातल्या फ्रेमच्या दुकानात डिझायनर मंडळींची ये-जा वाढते. हातात टेप, मोबाइलमध्ये थ्रीडी, आणि तिसऱ्या वाक्याला प्रश्न: "आमचा रेट काय?" इथे "बघू हो, करू काहीतरी" म्हणालात की घासाघीस सुरू. हा ट्रेड रेट, म्हणजे डिझायनरसाठीचा सवलतीचा दर, आधी ठरलेला आणि कागदावर छापलेलाच हवा.

तो ठरवायचा कसा? समजा, २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास प्रिंट फ्लोटर फ्रेमसकट (कॅनव्हासभोवती थोडी फट सोडणारी फ्रेम) ₹६,००० ला विकता. प्रिंट, कॅनव्हास, लाकूड, मजुरी, बबल रॅप मिळून खर्च ₹२,६००. सुटतात ₹३,४००. डिझायनरला २० टक्के सोडले तर ₹२,२०० सुटतील, ३० टक्के सोडले तर ₹१,६००. म्हणजे बोलायला सूट ३० टक्के, पण तुमचं निम्म्याहून जास्त गेलं, आणि गाळ्याचं भाडं, वीजबिल, कारागिरांचा पगार अजून त्यातूनच जायचाय. म्हणून शेजारचा किती देतो हे बघू नका. डिझायनर तुमच्या डोक्यावरचं कोणतं काम उचलतो ते बघा. भिंतीची मापं तो आणतो, क्लायंटची पसंती तो पक्की करतो, पैसेही तोच भरतो, तर २० टक्के खुशाल द्या. अख्ख्या घराच्या आठ-दहा फ्रेम एकाच फेरीत जात असतील तर २५. नुसता क्लायंटला घेऊन आला, चहा घेतला आणि निवड आपणच करून दिली, तर १० पुरेत.

हाताने काढलेल्या चित्रांना हे टक्के लावू नका. डहाणू-जव्हारकडच्या वारली चित्रकाराने सांगितलेला दर तो दर. सूट द्यायचीच तर आपल्या फ्रेमिंगमधून द्या. "वारली टाइप प्रिंट मारा, क्लायंटला काय कळतंय" असं सांगणारे भेटतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, प्रिंटला बिलावर प्रिंटच लिहा. पिंटरेस्टचा स्क्रीनशॉट घेऊन "हेच छापून द्या" म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. आपल्याकडे चित्रावर चित्रकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, ते बिनधास्त छापा. ठाण्यातल्या टू बीएचकेत त्यांना अजून भरपूर मागणी आहे!

ट्रेड रेट कोणाला द्यायचा, यात घोळ होतो. आर्किटेक्टकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागता येतो. इंटिरिअर डिझायनरला तसं सरकारी लायसन लागत नाही. मी जीएसटी नंबर मागते. नसेल तर पॅन, लेटरहेड आणि चालू साइटचा पत्ता. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलींकडे जीएसटी नसतोच बहुतेक वेळा, त्यांना परत पाठवू नका. त्याच पुढे मोठ्या साइट आणतात. "माझी मेहुणी डिझायनिंगचा कोर्स करतेय" हे मात्र ट्रेड अकाउंट नव्हे.

आता नाजूक भाग. डिझायनरशी व्यवहार दोनच प्रकारे करा. एक, बिल त्याच्या नावावर, ट्रेड रेटने. पुढे क्लायंटला किती लावायचे ते तो आणि त्याचा क्लायंट बघतील. दुसरा, बिल क्लायंटच्या नावावर पूर्ण किमतीचं आणि डिझायनरला कमिशन, त्याचं रीतसर बिल घेऊन; टीडीएसचं सीएला विचारून घ्या. मला पहिला बरा वाटतो. सूट बिलावरच दाखवा, म्हणजे जीएसटी सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो. "वर्षअखेरीला एकदम देऊ" असं तोंडी ठरवू नका, जीएसटीच्या हिशोबात ती सूट धरताना घोळ होतो. आणि "बिलात दोन हजार वाढवा, ते माझे" ही मागणी आली तर सरळ नकार द्या. तो क्लायंट रविवारी राम मारुती रोडला खरेदीला येतो, आपल्या काचेत तीच फ्रेम बघतो, आणि मग ठाणे किती लहान आहे ते कळतं. त्याच कारणाने दुकानातली किंमत सगळ्यांना एकच ठेवा. डिझायनरचा क्लायंट परस्पर स्वस्तात मागायला आला तर त्याला डिझायनरकडेच पाठवा.

सामानासोबत किंमत नसलेलं डिलिव्हरी चलन द्या, फ्रेमच्या मागे फक्त कोड नंबर. क्लायंट फिटरला हमखास विचारतो, "केवढ्याचं हो हे?" आमचे फिटर काका म्हणतात, "मला ड्रिलचे पैसे माहीत, चित्राचं मॅडमना विचारा."

फिटिंग ट्रेड रेटमध्ये धरू नका, वेगळं लावा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत विटांची भिंत, काम चटकन होतं. नव्या टॉवरमध्ये मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सलग काँक्रीटच्या भिंती, खिळा वाकतो पण आत जात नाही. हॅमर ड्रिल आणि प्लग लागतातच. त्यातून गेटवर एंट्री, सर्व्हिस लिफ्टची वाट, दुपारी ड्रिल बंद, रविवारी तर नाहीच. दोन फ्रेमसाठी अर्धा दिवस जातो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर आधीच लेखी कळवा. फ्रेमच्या मागची एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी) फुगली की फोन तुम्हालाच येणार.

पैशाचं म्हणाल तर ऑर्डरबरोबर निम्मे, उरलेले माल निघण्याआधी. "क्लायंटचा चेक आला की देतो" हे ऐकून फ्रेम भिंतीवर चढवलीत की तुमचे पैसेही भिंतीवर. आपलं आपलं ठरलंय असं वाटणाऱ्या जुन्या डिझायनरलाही हाच नियम. रेटच्या यादीवर तारीख टाका, कारण मोल्डिंग (फ्रेमची पट्टी) आणि कॅनव्हासचे भाव हलत राहतात, आणि खाली एक ओळ छापा: बाकी माल निघण्याआधी चुकती न झाल्यास पुढची ऑर्डर दुकानाच्या किमतीने.