फिरायला जाण्याआधी वाचताय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आमच्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर एक ठरलेला संवाद होतो. "काका, परवा अजिंठ्याला निघतोय. काहीतरी चांगलं द्या." परवा! त्याला जोडून "फार जाड नको हं" किंवा "सगळ्यात जाड कुठलं?" यापैकी एक असतंच. नाशिककर भरपूर फिरतात, वाचतातही. पण या दोन गोष्टींची सांगड घालताना दरवर्षी तोच घोळ होतो आणि तो निस्तरून सांगायचा आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

जायच्या आधी इतिहास, आल्यावर काहीच नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती करणारी माणसं बहुतेक वेळा सगळ्यात अभ्यासू असतात.

आमच्या सोसायटीची अजिंठ्याची सहल निघाली तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त गृहस्थ आठवडाभर आधी आले. मी त्यांच्यापुढे जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचं, पुस्तक ठेवलं. त्यांनी मुखपृष्ठावरचं हरीण बघितलं आणि म्हणाले, "हे नातवाला द्या. मला जरा भारदस्त काहीतरी बघा." मग त्यांनी वाकाटक राजघराण्यावरचा ठोकळा नेला आणि प्रामाणिकपणे वाचलासुद्धा. गाडीत चांदवडपर्यंत वाकाटक राजा हरिषेण झाला, पुढे त्याचा मंत्री वराहदेव झाला, सोळा नंबरच्या लेण्यातला त्याचा शिलालेख झाला. मागच्या सीटवरची मंडळी झोपली तरी हे थांबेनात.

सतरा नंबरच्या लेण्यात शिरलो. डाव्या भिंतीवर विश्वंतर जातक रंगवलेलं आहे. नातू त्या चित्रासमोर खिळून उभा राहिला. "आजोबा, हा वाईट दातांचा म्हातारा कोण? या मुलांना कुठे नेतोय?" आजोबांनी पिशवीतून ठोकळा काढला. सूची चाळली. उजेड पुरेना म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला, तर पहारेकरी अंगावर आला. बरोबरच होतं त्याचं; ते रंग दीड हजार वर्षं टिकलेत ते काही आपल्या टॉर्चसाठी नाही. ठोकळ्यात राजाचं नाव होतं, सालं होती, दानपत्रं होती. म्हातारा नव्हता.

तो म्हातारा म्हणजे जूजक नावाचा ब्राह्मण. राजपुत्र विश्वंतर काहीही मागितलं तरी नाही म्हणत नाही, म्हणून जूजक त्याची पोटची मुलं मागतो, आणि तो ती देतो. शेवटी जूजक मुलांना घेऊन राजवाड्यात पोचतो आणि त्यांचे आजोबाच मोबदला मोजून नातवंडं सोडवून घेतात. एवढं मी त्या पोराला उभ्या उभ्या सांगितलं. पुढचा बराच वेळ तो भिंतीवर एकच शोधत होता, पैसे मोजणारे आजोबा. आमचे गृहस्थ शेजारी गप्प उभे होते. परत आल्यावर ठोकळा दुसऱ्याच दिवशी जमा! अहो, खरा वाचायचा तर तो आता होता. लेणी डोळ्यांसमोर ताजी असताना वराहदेव नुसतं नाव राहत नाही, त्याने कोरवलेल्या खांबांमधून तुम्ही चाललेले असता.

माझी सवय सांगतो. तिला पद्धत म्हणण्याइतकी ती मोठी नाही. जाण्याआधी गोष्टी आणि नकाशा. गोष्टी म्हणजे त्या जागेच्या भिंतींवर, मूर्तींमध्ये, लोकांच्या तोंडी ज्या आहेत त्या. राजवंश, सनावळ्या, वाद, मतमतांतरं सगळं परत आल्यावर. त्यासाठी पुस्तक निघायच्या दिवशी परत करू नका, मुदत वाढवून घ्या. खिडकीवर फक्त सांगायचं असतं, तेवढंही लोकांना जमत नाही.

पुस्तकाला वेळापत्रक समजणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे कुठल्याही कादंबरीत लिहिलेलं नसतं. तरी दर हंगामात कोणीतरी पुस्तकाच्या भरवशावर सोमवारी फर्दापूर फाट्यावर उभं असतंच. तिकीट, वेळा, रस्ते, राहणं यासाठी फोन करा. प्रवासवर्णनातली खानावळ शोधत हिंडू नका, ती उठली असेल. नर्मदा परिक्रमेची जुनी वर्णनं वाचून भारावलेल्यांना तर हात जोडून सांगतो: सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या झाडीतल्या कितीतरी जुन्या वाटा गेल्या आहेत. पुस्तकातली वाट आज पायाखाली येईलच असं नाही.

पुस्तक कधी लिहिलं ते न बघणं

पंजाब मेल नाशिकरोडहून थेट झाशीला नेते, त्यामुळे आमच्याकडे गोडसे भटजींचं १८५७च्या बंडाच्या आठवणींचं 'माझा प्रवास' घेऊन झाशीला जाणारे पुष्कळ. उत्तम. इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी भटजी खरोखरच झाशीत होते, आणि आपल्या भाषेत असं दुसरं पुस्तक नाही. पण भटजींनी ते लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं तेव्हा त्यावर आपला हात फिरवला. मूळ बखरीबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे हातातली प्रत कोणती, हे पहिलं पान उघडून बघायला हवं. ते न बघता किल्ल्यावरच्या गाईडशी "पुस्तकात असं नाही" म्हणून हुज्जत घालणारे महाभाग मी पाहिलेत. गाईडची परीक्षा घेणं ही वेगळीच चूक. त्याला बोलू द्या, खोटं काय ते घरी येऊन तपासा.

बाकीच्या, पटापट

सारांशाचे व्हिडिओ बघून "वाचल्यासारखंच झालं" म्हणू नका. झालं नाही.

एका जागेसाठी पाच पुस्तकं नेऊ नका. एक न्या, पण पूर्ण वाचा.

विनोदी प्रवासवर्णन वाचून तिथेच हसायला जाऊ नका. तो विनोद लेखकाचा होता, गावाचा नव्हे.

"पीडीएफ आहे का?" हे मला विचारू नका.

आपल्याच गावाबद्दल न वाचणं

हंपीवर तासभर बोलणारी माणसं पांडवलेण्यांत पांडव शोधतात. ही लेणी बौद्ध आहेत, एकूण चोवीस. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाच्या, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं त्यात कोरलंय. हे निदान शाळेत कानावरून गेलेलं असतं. माझा जीव मात्र दहा नंबरच्या लेण्यावर. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४० होतं, आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ द्यायचे असं लेखात आहे. करा भागाकार, हिशेब चोख बसतो. मुदत ठेवीचं व्याज पासबुकात भरायला रांगेत उभे राहणारे आपण, आणि गंगापूरच्या अंगाचं गोवर्धन अजून तिथेच आहे!

इथे मात्र माझा क्रम उलटा. लांबच्या गावी पुन्हा जाणं होत नाही, म्हणून गोष्टी आधी. पांडवलेणी तर आपल्या उशाशी. आधी काहीही न वाचता सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्या चढा आणि ती ब्राह्मी अक्षरं नुसती बघून या. मग खाली येऊन वाचा आणि पुढच्या रविवारी परत जा. फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी केलेलं या लेखांचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात आहे. आहे इंग्रजीत, पण भाषांतराचे परिच्छेद छोटे आहेत. तो खंड संदर्भ विभागात असतो, घरी मिळत नाही. वही-पेन घेऊन या, आणि खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना येऊ नका.