होडीच्या भागांचे शब्द टिपताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर स्वतःच पुढे करणं. "याला नाळच म्हणतात ना?" असं विचारलंत की समोरचा मान हलवणार. पाहुण्याला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा "हे लाकूड कुजलं तर सुताराला काय सांगाल?" असं विचारा. मग शब्द आपसूक येतो, तोही वाक्यात बसलेला. "नाळ = पुढचा भाग" एवढ्यावर मात्र थांबू नका. पुढचं वर चढत गेलेलं लाकूड, की तिथली उभं राहायची जागा? बोट ठेवून दाखवायला सांगा आणि बोटासकट फोटो घ्या.

"नाल" ऐकू आलं म्हणून वेगळी नोंद करू नका. कोळी-आगरी बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो. डोळ्याचा डोला, पाण्याचं पानी. शब्द एकच, उच्चार दोन. पण कानावर पडलं ते "सुधारून" प्रमाण रूपात लिहिलंत तर बोलीच गेली. ऐकलेलं रूप आधी, प्रमाण रूप शेजारी.

उलांडी म्हणजे होडीला समांतर तरंगणारा ओंडका. तो धरून ठेवणारे आडवे दांडे वेगळे, त्यांचं नाव वेगळं विचारा. उलंडू (उलटू) नये म्हणून उलांडी, असली व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण पुराव्याशिवाय नोंदीत घालू नका. बाजूही डावी-उजवी लिहू नये, तोंड फिरवलं की बदलते. "उलांडीकडची" लिहा.

पठाण म्हणजे तळाचा कणा. होडी पाण्यात असताना तो दिसतच नाही. म्हणून मे अखेरीस, होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आणि झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारायच्या आधी जा. पठाण, बरगड्या सुताराला विचारा. दोर, शीड, परबाण (शीड बांधायचा दांडा) तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला. एकाच माणसाकडून सगळी यादी भरली की निम्मी अंदाजाने भरलेली निघते.

कलाफत हा फटीत भरायचा कापूस नव्हे, फटी बुजवायचं काम. याद्यांमध्ये हा घोळ हमखास सापडतो.

रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा येत असेल तर होडीच्या आडोशाला बसा. गाव, बोलणाऱ्याचा धंदा आणि तारीख त्याच दिवशी लिहा.