जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताय? आधी या चुका टाळा

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर पुण्यात आता घरोघरी दिसतात. आत बहुधा इंटेलचा आय-३ किंवा आय-५ प्रोसेसर असतो. वापरलेला आय-७ स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर हात शिवशिवणारच. पण ब्रँडेड डब्याचे नियम असेंबल केलेल्या पीसीसारखे नसतात, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं, हा समज

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ९९० मध्ये ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) आहे, तिसऱ्या पिढीच्या आय-७ ३७७० लाही तेच लागतं. तरी तो तिथे चालत नाही. या मशिनच्या मदरबोर्डांवर क्यू६५ आणि क्यू६७ चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप) आहेत आणि इंटेलने त्यांना तिसऱ्या पिढीचा सपोर्ट दिलेलाच नाही. त्यांना दुसऱ्या पिढीचा आय-७ २६०० घ्यायचा. ११५१ सॉकेटचा घोळ तर याहून मोठा: ऑप्टिप्लेक्स ७०५० सहावी-सातवी पिढी घेतो, आठव्या पिढीचा आय-७ ८७०० खाचेत बसतो, पण मशिन सुरू होत नाही.

म्हणून विक्रेत्याचं ‘बसेल हो साहेब’ ऐकण्याआधी कंपनीच्या साइटवर आपल्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा. ते मॉडेल कारखान्यातून ज्या प्रोसेसरसह विकलं गेलं, त्यांतलाच वरचा निवडा.

बायोस नंतर अपडेट करू म्हणणं

ऑप्टिप्लेक्स ९०२० बाजारात आला तेव्हा आय-७ ४७७० होता. ४७९० नंतर, २०१४ मध्ये आला. बायोस, म्हणजे मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुना असेल तर नव्या प्रोसेसरवर स्क्रीन काळाच राहतो. अपडेट करायचा तर जुना प्रोसेसर आत असतानाच, आणि यूपीएसवर. गुरुवारी तर हे काम काढूच नका. महावितरणची देखभाल नेमकी त्याच दिवशी निघते, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच हातचा जातो.

ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ते आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

जुनाच हीटसिंक तसाच ठेवणं

आय-३ ४१३० हा ५४ वॅटचा, आय-७ ४७९० हा ८४ वॅटचा. कंपन्या बऱ्याचदा कमी वॅटच्या मशिनमध्ये हलका हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) देतात. एप्रिल-मेच्या पुण्यात तो उष्णता बाहेर टाकू शकत नाही. प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे आय-७ चे पैसे देऊन आय-३ सारखं काम. त्याच मॉडेलच्या आय-७ मशिनचा हीटसिंक वेगळा मिळतो, तो घ्या. बाजारातला साधा कूलर घेऊ नका. काही मॉडेलांत पंख्याची पिन कंपनीचीच वेगळी असते, स्क्रू थेट कॅबिनेटमध्ये जातात. पंखा ओळखला गेला नाही तर दर वेळी सुरू करताना एरर दाखवून मशिन एफ१ दाबायला लावतं. अगदी छोट्या ‘मायक्रो’ डब्यात बहुधा ‘टी’ अक्षराचे कमी वॅटचे प्रोसेसर असतात; तिथे ८४ वॅटचा विषयच सोडा.

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट जुनी पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढी लावा. एवढं पुरे.

नावापुढची अक्षरं न वाचणं

‘के’साठी जादा पैसे देऊ नका, ऑफिसच्या बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही. नवव्या पिढीपासून ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये आणि इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन ई३-१२३० किंवा १२४० मध्ये ग्राफिक्स नसतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येत नाही आणि माणूस प्रोसेसर मेला असं समजून बसतो. झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ छापलेलं दिसलं तर तो चाचणीसाठीचा नमुना आहे, परत करा.

बसवल्यावर गडबड झाली तर

मशिन सुरू झालं, पण ८ जीबीऐवजी ४ च दिसतेय? रॅमला दोष देण्याआधी हीटसिंक सोडवा. मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा स्क्रू एका बाजूनेच जास्त आवळले गेले तर रॅमचा एक चॅनल गायब होतो. टॉर्चच्या उजेडात पिना तिरप्या बघा. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळत जा.

काहीच दिसत नसेल तर वीज काढून बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा, मग एकाच रॅमवर सुरू करून बघा. पॉवर बटणाचा दिवा नारिंगी लुकलुकत असेल किंवा बीप येत असतील तर ते मोजा. त्यांचा अर्थ मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तरीही नाही, तर जुना प्रोसेसर परत लावा. त्यावर मशिन चाललं तर बोर्ड शाबूत आहे आणि विक्रेत्याशी बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे. त्यामुळे जुना लगेच विकू नका.

आणि मशिनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसरचा विचार तूर्त सोडा. एसएसडी टाका, फरक त्याच दिवशी दिसेल. विंडोज ११ साठी हा खटाटोप करत असाल तर तोही थांबवा, कारण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते आणि चौथ्या पिढीचा आय-७ तिच्यात बसत नाही.