पीसीओएस आहे अन् बाळासाठी ट्राय करताय? मग हे करा

सगळ्यात आधी मोबाईलमधलं ते पिरियडचं ॲप "आज फर्टाइल डे" म्हणतं नं, त्याच्या भरवशावर राहू नका. ते मागच्या तारखांवरून अंदाज लावते अन् आपली पाळी कधी 38 दिवसांनी तर कधी 60 दिवसांनी, मग चौदावा दिवस धरायचा तरी कुठला? पीसीओएस म्हणजे हार्मोन्सची गडबड, त्यात अंडं उशिरा फुटते किंवा एखाद्या महिन्यात फुटतच नाही, खरं शोधायचं ते एवढंच.

मागच्या सहा महिन्यांच्या तारखा कागदावर लिहून गायनॅककडे जा, पाळी अशी अनियमित असली तर वर्षभर थांबायची गरज नाही. आपल्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखानेच दवाखाने आहेत, खर्च झेपत नसेल तर मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी हॉस्पिटलं आहेतच. रक्तात थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोनच), शुगर बघतात. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम, आत्तापासूनच. अन् नवऱ्याचं सिमेन ॲनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, पहिल्याच फेरीत करून घ्या! हिची फाइल जाड होत जाते अन् त्याची एक साधी टेस्ट राहूनच जाते, काहून तर म्हणे "प्रॉब्लेम तर हिला आहे."

अंडं कधी फुटणार ते घरीच लघवीवरून सांगणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिपवर जास्त पैसे घालू नका, पीसीओएसमध्ये एलएच (स्ट्रिप जे हार्मोन पकडते ते) आधीच वाढलेलं असू शकते, मग स्ट्रिप उगाच पॉझिटिव्ह दाखवत राहते. त्यापेक्षा फॉलिक्युलर स्टडी बरी, पाळीच्या साधारण दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, फॉलिकल (अंड्याची पिशवी) 18-20 मिमीच्या आसपास आलं की डॉक्टर सांगतात, ते दिवस सोडायचे नाहीत.

अंडं फुटत नसेल तर बहुतेक लेट्रोझोल नावाची, अंडं फुटायला मदत करणारी गोळी देतात, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस. पाकिटातल्या चिठ्ठीवर ब्रेस्ट कॅन्सर वाचून घाबरू नका, औषध मूळचं त्याचंच आहे, आपल्याकडे 2011 मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदीही आली होती, 2017 मध्ये उठली. पण जाऊबाईची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणायच्या नाहीत, जुळं राहायचा चान्स वाढतो अन् डोस ज्याचा त्याचा वेगळा.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो, म्हणजे 80 किलोला 4 ते 8 किलो. त्यासाठी तर्री पोहे सोडायचे नाहीत हो, पोहे अर्धे अन् तर्रीतले चणे जास्त! संत्र्याचा ज्यूस नको, संत्रं सोलून खा. उन्हाळ्यात चालायचं तर सकाळी सहाच्या आत फुटाळा तलावावर, नंतर ऊन काही करू देत नाही. बारीक असाल तर वजनाच्या मागे लागू नका, बारीक बायकांनाही पीसीओएस असते.

तीन महिने पाळी आली नाही तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर दवाखान्यात जा, गर्भाशयाचं अस्तर तसंच जाड होत राहणं चांगलं नाही. पॉझिटिव्ह आली तर मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, पीसीओएसमध्येही देतात) चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, विचारून करा, अन् शुगरची टेस्ट लवकर करायची का तेही त्याच भेटीत विचारून घ्या, पीसीओएसमध्ये गरोदरपणातल्या डायबेटिसचा धोका जास्त असतो.