पियानोच्या पट्ट्यांसाठी बेंच बफर घेताय? या चुका टाळा

पियानोत ८८ पट्ट्या, त्यातल्या ५२ पांढऱ्या. हाताने एकेक घासायला बसलं की विसाव्या पट्टीपर्यंत मनगट बोलायला लागतं आणि वाटतं, एखादं बेंच बफर, म्हणजे टेबलावर बसवायचं, कापडी चाकाने चमक देणारं बफिंग मशीन घ्यावं. विचार चुकीचा नाही. चुकतं ते मशीन निवडताना. आपण मोटरची ताकद बघतो आणि पट्ट्यांना ताकद नकोच असते. त्यांना हवा असतो कमी वेग आणि चाकाभोवती मोकळी जागा.

"ग्राइंडर आहेच, त्यालाच कापडी चाक लावू"

मीही हेच केलं होतं. दगड काढला, कापडी चाक बसवलं, ॲक्रिलिकची एक पट्टी टेकवली. मनात दोन आकडे मोजेपर्यंत मधोमध पाण्यावर उठते तशी लाट उमटली होती. ती लाट पुढे कशानेच गेली नाही, पट्टीचा वरचा थर बदलावा लागला.

कारण साधं आहे. ॲक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि घर्षणाने तेवढी उष्णता एका जागी साठायला वेळ लागत नाही. दोन पोलची (पोल म्हणजे मोटरच्या आतले चुंबकीय ध्रुव; ते जास्त तितका वेग कमी) साधी ग्राइंडर मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला २८५० च्या आसपास फेरे घेते, ६० हर्ट्झवर ३४५० च्या. चार पोलची मोटर अनुक्रमे १४४० आणि १७२५. पण फेऱ्यांचा आकडा एकटा फसवतो, चाकाचा व्यास त्याच्याबरोबरच धरायचा. २०० मिलिमीटरचं चाक २८५० फेऱ्यांनी फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला जवळपास ३० मीटर होतो. १५० मिलिमीटरचं चाक १४४० फेऱ्यांवर लावलं तर तोच वेग ११ मीटरवर येतो. पितळेच्या बिजागरीला पहिला वेग चालेल, पट्टीला दुसराच बरा. म्हणून मोटरवरची पाटी वाचा. वेग कमीजास्त करता येणारं मशीन मिळालं तर उत्तमच, पण त्याचा सर्वांत कमी वेग किती ते आधी बघा. काही मशीनचा 'कमी' वेगही २००० च्या वर असतो.

अश्वशक्तीची चिंता सोडा. दाब हलका असला की अर्धा एचपी पुरतो. दाबल्यावर मोटर अडखळत असेल तर बहुतेक वेळा चूक तुमच्या हाताची असते, मोटरची नाही.

शाफ्टची लांबी न मोजणं

ही चूक दुकानात कुणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याला पट्टीचा दिसणारा भाग तेवढा आठवतो, जेमतेम १५ सेंटिमीटर. बाहेर काढलेली पट्टी मात्र लाकडी दांडीसकट ४० सेंटिमीटरच्या आसपास भरते, ग्रँड पियानोत त्याहून लांब. ती आडवी धरली की दांडी मोटरवर आपटते, उभी धरली की टेबलावर. ग्राइंडरचा शाफ्ट, म्हणजे चाक बसतं तो मोटरचा दांडा, आखूड असतो आणि चाकाभोवती कव्हर असतं. खऱ्या बफरचे शाफ्ट दोन्ही बाजूंना लांब निघालेले असतात आणि चाक उघडं असतं. घेण्याआधी पट्टीएवढी लाकडी पट्टी नेऊन चाकाजवळ चारही बाजूंनी फिरवून बघा. बसवताना मशीन टेबलाच्या अगदी काठाशी बोल्टने पक्कं करा, म्हणजे चाक काठाबाहेर राहील आणि खाली जागा मिळेल. नुसतं ठेवलेलं मशीन थरथरत सरकतं.

टोकदार पेचाचा शाफ्ट (ज्यावर चाक थेट पिळून बसवतात) असेल तर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. पेचाचा डावा-उजवा तुकडा अदलाबदल झाला तर फिरताना चाक सैल होऊन निघतं.

पट्टी कशाची आहे हे न बघता चाकाला लावणं

इथे घाई महागात पडते. हस्तिदंताची पांढरी पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असते: पुढचा रुंद, मागचा अरुंद, मध्ये केसासारखी सांध्याची रेघ. त्याच्या अंगावरच्या रेषा अनियमित असतात. हस्तिदंताची नक्कल केलेल्या सेल्युलॉइडवर, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकवर, त्या शाळेच्या वहीसारख्या समांतर दिसतात. सेल्युलॉइड जोरात अंगठ्याने चोळलं की कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. असा वास आला तर मशीन बंद. सेल्युलॉइड झटकन पेटतं आणि चाकाभोवती कापसाचे तंतू उडत असतात. ती पट्टी हातानेच घासायची.

हस्तिदंताला बफर चालतो, पण हलक्या हाताने आणि पांढऱ्या पॉलिशच्या वडीनेच (वडी म्हणजे फिरत्या चाकाला लावायचं मेणासारखं घट्ट पॉलिश). लाल किंवा तपकिरी वडीचा रंग त्याच्या बारीक भेगांत आणि सांध्यात बसला की निघत नाही. त्याआधी प्रत्येक तुकडा नखाने उचलून बघा. जुना सरस सुटलेला असेल तर चाक तो तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावेल. नवीन हस्तिदंत मिळणं १९८९ च्या आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीनंतर जवळपास संपलंच आहे. आणि पिवळेपणा बफरने जाईल ही आशा धरू नका. तो आतपर्यंत मुरलेला असतो, बफर फक्त चमक देतो.

काळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतील तर बफरपासून लांब ठेवा. कडांवरचा रंग आधी उडतो आणि खालचं लाकूड दिसायला लागतं.

एकच चाक, सगळ्या वड्या

गोलाकार शिवलेलं कडक चाक कापतं, मोकळं मऊ चाक चमकवतं. पट्ट्यांना मऊ फ्लॅनेलचं चाक लागतं. ज्या चाकाला एकदा तपकिरी वडी लागली, ते पांढऱ्या पट्टीजवळ आणू नका. वडीही कमी लावा. चमकीऐवजी धुरकट, चिकट थर दिसत असेल तर वडी जास्त झाली आहे. चाक रेकने, म्हणजे दातेरी अवजाराने, खरवडून साफ करा. नखाला लागणारा ओरखडा बफर काढत नाही, फक्त त्याच्या कडा गोल करतो. प्लास्टिकच्या पट्टीवर तो आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या पाणकागदाने काढायचा.

पट्टी वरच्या बाजूला टेकवणं

चाक समोरून खाली फिरतं. पट्टी चाकाच्या मध्यरेषेच्या थोडी खाली टेकवा आणि कापड कडेवरून निसटून जाईल अशी धरा. वरची कड चाकासमोर आली की पट्टी हातातून हिसकली जाते. काळ्या पट्टीसाठी पांढऱ्या पट्टीत कापलेली खाच सर्वांत धोक्याची. अर्धी पट्टी चमकवा, फिरवून धरा, मग उरलेली. एका जागी थांबू नका. बोटाला कोमट लागली की ठेवून द्या, दुसरी घ्या. गॉगल आणि मास्क हवाच, हातमोजे मात्र नकोत.

काम झाल्यावर पट्टी अडकते

चमक सुरेख येते आणि पियानो जोडल्यावर चार पट्ट्या खाली जाऊन वरच येत नाहीत. दोष पट्टीचा नसतो. वडीचं मेण आणि कापसाची धूळ पट्टी ज्या पिनांवर हलते त्यांच्या भोकांतल्या कापडी अस्तरात शिरलेली असते. बफिंगआधी ती भोकं आणि दांडीचं लाकूड मास्किंग टेपने झाका. पट्ट्यांवर छापील क्रमांक नसतील तर पट्ट्या काढण्याआधी पेन्सिलने लिहून ठेवा. पहिला प्रयोग अगदी टोकाच्या पट्टीवर करा, क्रमांक १ किंवा ८८. त्या सर्वांत कमी वेळा वाजवल्या जातात.